हिवताप आणि आनुवंशिकता: कुटुंबाच्या रक्ताची नोंद कशी ठेवावी आणि तापात ती कशी वापरावी

सातारा आणि सांगली हे आज हिवतापासाठी ओळखले जाणारे जिल्हे नाहीत. महाराष्ट्रातील हिवतापाचे बहुतेक रुग्ण गडचिरोलीत आणि मुंबई परिसरात आढळतात. परंतु विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातील कुटुंबे देशभर विखुरलेली आहेत, अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतील जवान ईशान्येकडील राज्यांत तैनात असतात, मालट्रकचे चालक ओडिशा-छत्तीसगडपर्यंत जातात आणि उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की बाहेरच्या जिल्ह्यांतील तोडणी मजुरांच्या टोळ्या आपल्या शिवारात येऊन राहतात. त्यामुळे आपल्याकडे हिवताप बहुधा प्रवास करूनच येतो. एकाच घरातील दोघांना एकाच वेळी लागण झाली, तरी एकाचा ताप तीन-चार दिवसांच्या औषधाने उतरतो आणि दुसऱ्याला अतिदक्षता विभागात न्यावे लागते, असे घडते. या फरकाला वय, पूर्वीची प्रतिकारशक्ती, उपचाराला लागलेला वेळ अशी अनेक कारणे असतात आणि आईवडिलांकडून आलेली रक्ताची घडण हे त्यांपैकी एक असते. ही घडण समजून कशी घ्यावी, घरातल्या घरात तिची माहिती कशी जमवावी, कोणत्या तपासण्या मागाव्यात आणि ताप आल्यावर डॉक्टरांना नेमके काय सांगावे, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

आधी रक्ततपासणी, मग आनुवंशिकता

थंडी वाजून ताप आला आणि गेल्या वर्षभरात घरातील कोणी हिवतापाच्या भागात राहून आले असेल, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. उपकेंद्रातील आरोग्यसेवक किंवा आशाताई बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्तनमुना घेतात आणि झटपट तपासणीची किटही बहुतेक ठिकाणी उपलब्ध असते. ‘वर्षभरात’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. फाल्सिपेरम प्रकारचा हिवताप सहसा डास चावल्यापासून महिनाभरात दिसतो, पण व्हायव्हॅक्स प्रकारचे जंतू यकृतात सुप्त राहून कित्येक महिन्यांनी डोके वर काढू शकतात. दिवाळीत आसामहून परतलेल्या माणसाला शिमग्यानंतर आलेला ताप हिवतापाचा असू शकतो आणि प्रवासाचा उल्लेख झाला नाही तर तो भलत्याच आजारासाठी औषध घेत राहतो.

आनुवंशिक संरक्षणाच्या भरवशावर ही तपासणी पुढे ढकलणे हा जिवाशी खेळ आहे. केनियातील मुलांच्या दीर्घ निरीक्षणावर आधारलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात हिवतापाच्या प्रमाणातील माणसामाणसांमधील फरकाचा सुमारे २५ टक्के भाग आनुवंशिक घटकांमुळे असल्याचे आढळले आणि सर्वांत प्रसिद्ध असलेल्या, तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या सिकलसेल जनुकाचा एकूण फरकातील वाटा अवघा २ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे कोणतेही एकच जनुक पाहून एखाद्या व्यक्तीला हिवताप होईल की नाही, हे सांगता येत नाही. शिवाय आपल्या जिल्ह्यांत वाढलेल्या माणसाकडे, वारंवार लागण होऊन येणारी प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. गडचिरोलीच्या किंवा ओडिशाच्या जंगलपट्ट्यात लहानपणापासून राहिलेल्या प्रौढाला जी लागण किरकोळ वाटते, तीच लागण कराड किंवा तासगावहून गेलेल्या तरुणाला अत्यवस्थ करू शकते. ही प्रतिकारशक्ती कमावलेली असते, वारशाने मिळत नाही आणि हिवतापाच्या भागातून काही वर्षे बाहेर राहिले की कमी होत जाते. ओडिशात लहानाचे मोठे झालेले गलाई कुटुंबातील मूल शिक्षणासाठी विट्याला येऊन राहिले आणि काही वर्षांनी सुट्टीत परत गेले, तर त्याला पहिल्यासारखे संरक्षण असेल असे गृहीत धरू नये.

फरक नेमका कोठे पडतो

डास चावल्यावर हिवतापाचे जंतू प्रथम यकृतात जातात, तेथे वाढतात आणि मग रक्तात उतरून तांबड्या पेशींमध्ये शिरतात. थंडी, ताप, रक्तक्षय, मेंदूवरचा परिणाम हे सगळे या रक्तातील टप्प्यात घडते. त्यामुळे तांबड्या पेशीच्या रचनेत जन्मतः असलेला बदल जंतूच्या वाढीवर थेट परिणाम करतो. पेशीच्या आवरणावरील प्रथिने, आतील हिमोग्लोबिन आणि पेशीला टिकवून धरणारी एन्झाइम्स ही या बदलांची तीन मुख्य ठिकाणे आहेत.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ साली असा तर्क मांडला की, थॅलेसेमियासारखा (हिमोग्लोबिन पुरेसे न बनण्याचा) घातक विकार भूमध्य सागराच्या परिसरात एवढा टिकून राहतो, याचे कारण त्याच्या वाहकांना (सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेल्या, सहसा निरोगी व्यक्तींना) हिवतापापासून संरक्षण मिळत असावे. अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून १९५४ साली सिकलसेलच्या बाबतीत हाच संबंध दाखवून दिला. हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले. आपल्या उपखंडातील उदाहरण हवे असेल तर नेपाळच्या तराईतील थारू समाजाचे घ्यावे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्याच भागात राहणाऱ्या इतर लोकांच्या तुलनेत थारूंमध्ये हिवताप सुमारे सात पटींनी कमी आढळला आणि अल्फा थॅलेसेमियाचे जनुक त्यांच्यात फार मोठ्या प्रमाणात होते. पिढ्यान् पिढ्या मुले हिवतापाने दगावत राहिली, जी वाचली त्यांच्या रक्तात हे बदल अधिक होते आणि आज आपण ज्यांना रक्ताचे आनुवंशिक दोष म्हणतो त्यांतील बरेचसे त्या मृत्यूंचे अवशेष आहेत. ज्या कुटुंबाला असा दोष असल्याचे कळते, त्याने अपराधी वाटून घेण्याचे काहीच कारण नाही.

वंशवेल कशी काढावी

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर तीन पिढ्यांची वंशवेल काढावी. घरातील सर्वांत वयस्क स्त्रीला सोबत घेऊन बसावे, कारण कोणाला बाळपणी कावीळ झाली होती, कोणाला रक्त चढवावे लागले, कोणते मूल लहानपणीच गेले, हे तिच्याइतके कोणालाच आठवत नाही. प्रश्न विचारताना आजारांची नावे घेऊ नयेत, लक्षणे विचारावीत. एखाद्या औषधानंतर कोणाची लघवी अचानक काळपट झाली होती का, कोणाचे हातपाय वारंवार सुजून असह्य दुखत असत का, कोणाला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढले नाही का, जन्मल्यानंतर दोन-तीन दिवसांत कोणत्या बाळाला प्रकाशाखाली ठेवावे लागले होते का, कोणाचे पित्ताशयातील खडे तरुण वयातच काढावे लागले का, हे प्रश्न पुरेसे आहेत.

यानंतर आजोळकडे विशेष लक्ष द्यावे. हिवतापाच्या उपचारात ज्या आनुवंशिक दोषाचा संबंध सर्वांत जास्त येतो, त्या जी६पीडी (तांबड्या पेशीला टिकवून धरणारे एक एन्झाइम) कमतरतेचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते, म्हणून वडिलांची कमतरता मुलाकडे जात नाही. मुलामध्ये ती आली असेल तर आईकडून आलेली असते आणि तिच्या खुणा मामा, मावशीचे मुलगे आणि आईचे मामा यांच्यात शोधाव्या लागतात. वंशवेलीवर या नातलगांची नावे वेगळ्या शाईने लिहिली तर डॉक्टरांना एका दृष्टिक्षेपात चित्र कळते.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक घराण्यांत आहे, त्यामुळे येथे थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे. मामाला जी६पीडीची कमतरता असेल तर त्याच्या प्रत्येक मुलीला ते जनुक मिळालेलेच असते, कारण वडिलांकडे एकच एक्स असतो आणि तो सर्व मुलींना जातो. भाच्यालाही आपल्या आईकडून तेच जनुक मिळाले असेल, तर या जोडप्याच्या मुलींपैकी सरासरी निम्म्या मुलींना दोन्ही बाजूंनी सदोष जनुक मिळते आणि एरवी मुख्यतः पुरुषांत दिसणारी तीव्र कमतरता मुलींतही दिसते. सिकलसेल आणि थॅलेसेमियाचा हिशेब वेगळा आहे. ती जनुके एक्स गुणसूत्रावर नसतात, मुलगा-मुलगी असा भेद त्यांत नसतो आणि आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले बाळ निरोगी जन्मले म्हणून पुढची शक्यता कमी होत नाही.

आडनाव, जात किंवा जमात पाहून रक्ताविषयी निष्कर्ष काढू नये. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातील काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे, सिंधी, लोहाणा, पंजाबी कुटुंबांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात, हे खरे आहे. तपासणी मोहीम कोठे आधी राबवावी हे ठरवायला ही माहिती उपयोगी पडते. समोर बसलेल्या माणसाच्या शरीरात कोणते जनुक आहे, हे मात्र त्याची स्वतःची तपासणीच सांगू शकते. वीटभट्टीवरील नंदुरबारचा मजूर सिकलसेलमुक्त असू शकतो आणि कोरेगावच्या वाड्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घरात थॅलेसेमियाचा वाहक निघू शकतो.

कोणत्या तपासण्या, केव्हा आणि कशा

हिमोग्लोबिनच्या दोषांसाठी सुरुवात साध्या रक्तगणनेपासून करावी. तांबड्या पेशी आकाराने लहान आहेत, पण त्यांची संख्या कमी झालेली नाही, असे अहवालात दिसले तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शंका घ्यावी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणी करावी. या तपासणीत हिमोग्लोबिन ए-टू ३.५ टक्क्यांहून अधिक असेल तर तो बहुधा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असतो. शरीरात लोहाची तीव्र कमतरता असेल तर हा आकडा फसवा कमी येऊ शकतो, म्हणून लोह भरून आल्यावर तपासणी पुन्हा करणे योग्य ठरते.

सिकलसेलची प्राथमिक तपासणी आरोग्य शिबिरांत होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. ती समोर बसून पाहण्यासारखी असते. लहान परीक्षानळीतील द्रावणात रक्ताचा थेंब मिसळतात, काही मिनिटे थांबतात आणि नळीमागे काळ्या रेघा असलेला कागद धरतात. सामान्य रक्त असेल तर द्रावण लालसर पण पारदर्शक राहते आणि पलीकडच्या रेघा वाचता येतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि रेघा दिसेनाशा होतात. या तपासणीची मर्यादा लक्षात ठेवणे अत्यावश्यक आहे. वाहक आणि प्रत्यक्ष रुग्ण या दोघांच्याही नळीत रेघा झाकल्या जातात, म्हणून रेघा दिसल्या नाहीत की इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) किंवा एचपीएलसी करून निदान पक्के करावेच लागते. सहा महिन्यांच्या आतील बाळात ही तपासणी विश्वसनीय नसते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर कोणत्याही पद्धतीने केलेली हिमोग्लोबिनची तपासणी दिशाभूल करू शकते. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून त्यासाठी २०४७ हे वर्ष ठरवलेले आहे. आपले कुटुंब मूळचे अभियानातील जिल्ह्यातले असेल, तर गावी गेल्यावर तपासणी करून तेथील कार्ड सोबत आणावे.

जी६पीडीसाठी दोन प्रकारच्या तपासण्या असतात. एका प्रकारात ‘कमतरता आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच कळते आणि दुसऱ्या प्रकारात एन्झाइमची पातळी आकड्यात मिळते. पुरुषांसाठी पहिली तपासणी बहुतेक वेळा पुरते. स्त्रियांच्या बाबतीत प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र कार्यरत असते, त्यामुळे वाहक स्त्रीच्या रक्तात काही पेशी निरोगी आणि काही कमतरतेच्या असे मिश्रण असते. पातळी सामान्याच्या ३० टक्क्यांहून खाली असेल तरच पहिली तपासणी खात्रीने दोष दाखवते, म्हणून मधल्या पातळीच्या अनेक स्त्रिया तिच्यात निर्दोष ठरतात. स्त्रीसाठी आकडा देणारी तपासणी मागावी. मिरज, सांगली, कराड आणि सातारा येथील मोठ्या प्रयोगशाळा रक्त स्वतः तपासतात किंवा पुण्या-मुंबईला पाठवतात. निदान गुंतागुंतीचे असेल तर मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही याच विषयातील संस्था आहे आणि आपले डॉक्टर तेथे संदर्भ देऊ शकतात.

घरपोच किट पाठवून संपूर्ण जनुकांचा अहवाल देणाऱ्या महागड्या तपासण्यांवर हिवतापासाठी खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उपचार बदलण्याजोगी माहिती वर सांगितलेल्या नेहमीच्या तपासण्यांतून मिळते आणि त्यांचा खर्च त्या मानाने फार कमी असतो.

प्रायमाक्विन देण्यापूर्वी

या मार्गदर्शनातील एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचावा. व्हायव्हॅक्स हिवतापात क्लोरोक्विनने रक्तातील जंतू मरतात आणि ताप उतरतो, पण यकृतातील सुप्त जंतू शिल्लक राहतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन द्यावे लागते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचे प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे ०.२५ मिलिग्रॅम, रोज एकदा, १४ दिवस असे आहे, म्हणजे ६० किलो वजनाच्या प्रौढाला रोज १५ मिलिग्रॅम. फाल्सिपेरममध्ये हेच औषध, त्या व्यक्तीकडून पुढे डासांमार्फत प्रसार होऊ नये म्हणून, एकदाच दिले जाते. गरोदर महिला, एक वर्षाच्या आतील बाळे आणि जी६पीडीची कमतरता असलेल्या व्यक्ती यांना ते असे सरसकट देत नाहीत.

प्रायमाक्विनमुळे तांबड्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो. निरोगी पेशी जी६पीडी एन्झाइमच्या मदतीने तो ताण निवारते. एन्झाइम अपुरे असेल तर पेशी फुटतात, हिमोग्लोबिन बाहेर पडते आणि लघवीतून जाऊ लागते. १९५० च्या दशकात अमेरिकेत प्रायमाक्विनच्या चाचण्या चालू असताना काही जणांचे रक्त असे फुटते हे लक्षात आले आणि त्याचा शोध घेताना १९५६ साली ही कमतरता सापडली. जगात सुमारे ४० कोटी लोकांत ती असल्याचा अंदाज आहे. भारतात तिचे मेडिटेरेनियन, केरळ-कल्याण आणि ओरिसा हे तीन प्रकार मुख्यत्वे आढळतात. मेडिटेरेनियन प्रकारात एन्झाइमची पातळी सामान्याच्या १० टक्क्यांपेक्षाही कमी असते आणि धोका सर्वांत जास्त असतो, तर आदिवासी समाजांत अधिक आढळणारा ओरिसा प्रकार तुलनेने सौम्य असतो. ही कमतरता हिवतापापासून संरक्षण देते का, याचे उत्तरही सरळ नाही. अनेक देशांतील मुलांच्या मोठ्या अभ्यासात तिच्यामुळे मेंदूच्या हिवतापाचा धोका काहीसा घटलेला आणि हिवतापातील तीव्र रक्तक्षयाचा धोका वाढलेला दिसला.

म्हणून चिठ्ठीवर प्रायमाक्विन लिहिलेले दिसले की डॉक्टरांना तीन गोष्टी सांगाव्यात: जी६पीडीची तपासणी पूर्वी झाली आहे की नाही, आजोळकडे कोणाला औषधाने रक्त फुटण्याचा त्रास झाला होता का, आणि रुग्ण स्त्री असेल तर ती गरोदर असण्याची शक्यता आहे का. तपासणी उपलब्ध असेल तर औषध सुरू होण्यापूर्वी करून घ्यावी. सुप्त जंतूंवरचे हे औषध तपासणीच्या अहवालासाठी एक-दोन दिवस थांबले तर फारसे बिघडत नाही, मात्र ताप उतरवणारे क्लोरोक्विन किंवा आर्टेमिसिनिनयुक्त औषध एक दिवसही थांबवू नये.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तपासणी न होताच गोळ्या सुरू होतात. अशा वेळी घरच्यांनी पहिले चार दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. रक्त फुटण्याची सुरुवात बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत होते. रोज सकाळची लघवी पांढऱ्या भांड्यात किंवा पारदर्शक बाटलीत पाहावी. तापात पाणी कमी प्यायल्याने ती गडद पिवळी होऊ शकते, पण तिचा रंग कोऱ्या चहासारखा तांबूस-काळा झाला तर गोळी ताबडतोब बंद करावी. डोळे पिवळे होणे, ओठ निळसर दिसणे, पोटात किंवा पाठीत दुखणे, चालताना धाप लागणे यांपैकी काहीही दिसले तरी तेच करावे आणि रुग्णाला लघवीच्या नमुन्यासह आणि गोळ्यांच्या पाकिटासह त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आपल्या मनाने गोळी अर्धी करून चालू ठेवू नये.

अशा प्रसंगानंतर लगेच केलेल्या जी६पीडी तपासणीचा अहवाल सामान्य आला तर त्यावर विसंबू नये. कमी एन्झाइम असलेल्या जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि रक्तात उरलेल्या नव्या पेशींत एन्झाइम जास्त असते, त्यामुळे आकडा खोटा चांगला दिसतो. सुमारे तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी आणि दोन्ही अहवाल वहीत जपून ठेवावेत.

कमतरता सिद्ध झाली म्हणजे व्हायव्हॅक्सवर पूर्ण उपचारच नाही, असा अर्थ होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा रुग्णाला दर किलो वजनामागे ०.७५ मिलिग्रॅम प्रायमाक्विन आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली देण्याचा विचार करता येतो. टॅफेनोक्विन हे एका मात्रेचे नवे औषध मात्र जी६पीडीची पातळी आकड्यात मोजून ती ७० टक्क्यांहून अधिक आढळल्याशिवाय देता येत नाही, कारण ते शरीरात दीर्घकाळ राहते आणि त्रास सुरू झाला तर मागे घेता येत नाही.

कमतरता असलेल्या घरात दोन सवयी लगेच बदलाव्यात. पेटीत ठेवलेल्या कपड्यांतील डांबर गोळ्या काढून टाकाव्यात. बारशासाठी जपून ठेवलेली जुनी दुपटी आणि गोधडी त्या वासासकट बाळाला गुंडाळली जातात आणि त्यातील नॅप्थलीन अशा बाळाचे रक्त फोडू शकते. तान्ह्या बाळाच्या तळहातांना मेंदीही लावू नये. डॅप्सोन आणि नायट्रोफ्युरॅन्टॉइन ही औषधे कोणत्याही कारणासाठी लिहून दिली, तरी कमतरतेचा उल्लेख डॉक्टरांजवळ करावा.

सिकलसेलचा वाहक आणि सिकलसेलचा रुग्ण

या दोन अवस्थांची गल्लत केल्याने प्राण जाऊ शकतात. सिकलसेलमध्ये अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे प्रथिनाच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. असे जनुक एकाच पालकाकडून आले तर व्यक्ती वाहक असते आणि सहसा निरोगी आयुष्य जगते. वाहकाच्या पेशीत फाल्सिपेरमचा जंतू शिरला की ऑक्सिजन कमी असलेल्या ठिकाणी त्याची वाढ खुंटते, पेशी लवकर वाकते आणि प्लीहा (पोटातील रक्त गाळणारा अवयव) तिला बाजूला काढते. अशा पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना कमी चिकटतात, त्यामुळे मेंदूतील सूक्ष्म वाहिन्या तुंबण्याचा धोकाही घटतो. आफ्रिकेतील मुलांमध्ये वाहक असण्याने तीव्र फाल्सिपेरम हिवतापाचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो. लागण मात्र होते, ताप येतो आणि उपचारही पूर्ण घ्यावे लागतात.

दोन्ही पालकांकडून हे जनुक आले असेल तर गोष्ट उलट होते. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा बहुधा निकामी होत आलेली असते, रक्त आधीच कमी असते आणि हिवतापाने त्यात अचानक मोठी घट होते, तसेच असह्य वेदनांचे झटके सुरू होतात. त्याला हिवतापाच्या भागात पाठवण्यापूर्वी प्रतिबंधक औषधाविषयी डॉक्टरांशी बोलावे, तेथे रोज कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीत झोपण्याची व्यवस्था करावी आणि ताप आला तर काही तासांत रुग्णालय गाठावे. ऊसतोड मजुरांच्या तळावर काम करणाऱ्या आशाताईंनी खोपटांची नोंद घेताना ‘सिकलसेलचे कार्ड आहे का’ एवढा एक प्रश्न विचारला तरी अशी मुले आधीच ओळखता येतील.

थॅलेसेमियाच्या वाहकांनाही काही संरक्षण मिळते. पापुआ न्यू गिनीतील मुलांच्या अभ्यासातून असे दिसले की लहान पण संख्येने जास्त असलेल्या पेशींमुळे हिवतापात होणारा तीव्र रक्तक्षय टळतो. मात्र दोन संरक्षणांची बेरीज होतेच असे नाही. केनियात ज्या मुलांत सिकलसेलचे एक जनुक आणि अल्फा थॅलेसेमिया दोन्ही होते, त्यांच्यात एकेकट्याने मिळणारे संरक्षण जवळजवळ नाहीसे झालेले आढळले.

रक्तगट आणि इतर फरक

वाहन परवान्यावर रक्तगट छापलेला असल्याने त्याविषयी प्रश्न नेहमी येतो. ओ गटाच्या व्यक्तींना तीव्र फाल्सिपेरमचा धोका तुलनेने कमी असतो, कारण जंतूने ग्रासलेल्या पेशीभोवती निरोगी पेशी चिकटून होणारे पुंजके ओ गटात सैल राहतात. ओडिशातील प्रौढ रुग्णांच्या अभ्यासातही हाच कल दिसला. परंतु यावरून उपचारात काहीही बदल होत नाही, म्हणून रक्तगट वहीत लिहावा आणि विषय तेथेच सोडावा.

डफी नावाचे प्रथिन ज्यांच्या तांबड्या पेशींवर नसते, त्यांना व्हायव्हॅक्स सहसा होत नाही, हे लुई मिलर आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवले. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील बहुसंख्य लोक असे आहेत. भारतीयांच्या पेशींवर हे प्रथिन जवळपास सर्वत्र असते, त्यामुळे आपल्याला ही सवलत नाही. आग्नेय आशियातील अंडाकृती पेशी आणि पूर्व आफ्रिकेतील डांटू रक्तगट यांनाही संरक्षक महत्त्व आहे, पण आपल्या घरच्या वहीत त्यांची गरज पडणार नाही.

वहीचे पान आणि त्याची गुप्तता

प्रत्येक सदस्यासाठी एक पान ठेवावे. त्यावर नाव, जन्मवर्ष, रक्तगट, हिमोग्लोबिनचा प्रकार, जी६पीडीचा आकडा त्याच्या एककासह, प्रत्येक तपासणीची तारीख, रक्त चढवले असल्यास त्याची तारीख, त्रास झालेली औषधे आणि पूर्वी झालेल्या हिवतापाचा प्रकार लिहावा. बाहेरगावी राहणाऱ्या सदस्याने आपल्या पानाचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे. जवानांनी ही माहिती आपल्या तुकडीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना रुजू होतानाच द्यावी.

हे पान कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. वाहक असलेल्या मुलीचे स्थळ त्या कारणाने मोडल्याची उदाहरणे घडतात आणि त्यात तिचा काहीही दोष नसतो. लग्न ठरवताना दोन्ही बाजूंची तपासणी व्हावी, अहवाल समुपदेशकाच्या उपस्थितीत त्या दोघांनीच पाहावेत आणि पुढचा निर्णयही त्यांचाच असावा. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाची एकच बाजू वाहक असेल तर संततीला प्रत्यक्ष आजार होण्याची भीती नसते, हे घरातील वडीलधाऱ्यांना शांतपणे समजावून सांगावे लागते.

ताप पुन्हा आला तर

व्हायव्हॅक्सचा ताप काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत आला, तर प्रथम पाकिटातील उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. ताप उतरला की प्रायमाक्विन सोडून देणे हे पुन्हा ताप येण्याचे सर्वांत साधे कारण असते. गोळ्या पूर्ण घेतल्या असतील तर मधल्या काळात पुन्हा हिवतापाच्या भागात जाणे झाले होते का, ते पाहावे. तेही नसेल तर एका आनुवंशिक कारणाचा विचार करता येतो. प्रायमाक्विन पोटात जाते त्या रूपात काम करत नाही, यकृतातील सीवायपी२डी६ नावाच्या एन्झाइमने त्याचे रूपांतर झाल्यावरच ते प्रभावी होते. हे एन्झाइम जन्मतः मंद असलेल्या काही व्यक्तींमध्ये पूर्ण मात्रा घेऊनही सुप्त जंतू उरतात, ही बाब २०१३ साली संशोधनातून पुढे आली. अशा रुग्णाला निष्काळजी ठरवण्यापूर्वी त्याचे पान घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधवैद्यक विभागात दाखवावे, मागील उपचारांच्या तारखा आणि मात्रा सांगाव्यात आणि नव्या रक्तनमुन्याचा निकाल हाती येताच तो त्याच पानावर आधीच्या नोंदीखाली लिहावा.